बर्फाआधीचे चार हिवाळे

ज्या खेळाचा ट्रॅकच देशात नाही, त्याचे किस्से मात्र देशात ढिगाने साठतात. बर्फावरचे किस्से बर्फावर जाऊन आलेल्यांकडे असतात. आमच्याकडे आहेत ते टेस्टिंगचे.

न्यूझीलंडमध्ये बॉबस्लेड, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, चालवणारे आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दरवर्षी जुलैमध्ये, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, हॅमिल्टनच्या अ‍ॅथलेटिक्स ट्रॅकवर जमायचं, तीस मीटर धावायचं, उड्या मारायच्या, वजन उचलायचं, शेवटी चाकं लावलेली स्लेड ढकलायची. त्या आकड्यांवरून ठरतं, की युरोपातल्या बर्फावर कोण जाणार. दोघींच्या स्लेडमध्ये पुढे पायलट बसते, ती हाकते. मागची तिला ढकलत पळते, चालत्या स्लेडमध्ये उडी मारून बसते आणि खाली पोचल्यावर ब्रेक ओढते. आमची पायलट ठरलेली होती. भांडण होतं ते मागच्या एका जागेसाठी.

मी चार हिवाळे त्या जागेसाठी टेस्टिंग दिलं. "कसं असतं गं ते?" असं कुणी विचारलं की मला सलग काही सांगता येत नाही. एकेक दिवस आठवतो.

*

पहिल्या वर्षी धुकं होतं. हॅमिल्टनचं धुकं ज्याने पाहिलंय त्याला सांगायला नको. आम्ही घरून, रोटोटुनाहून, निघालो तेव्हा बाबा खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होते.

आमचा कोच ग्रॅहम साठीचा. पूर्वी गोळाफेक करायचा, आता गाई पाळतो. तो शेवटच्या रेघेवर उभा होता. त्याला मी दिसत नव्हते, मला तो दिसत नव्हता. धुक्यातून आवाज आला, "तुला वाटेल तेव्हा सुट."

मी सुटले. सव्वीस वर्षांची होते, शाळा-कॉलेजात शंभर मीटर धावलेली, पाय चांगले होते. रेघ ओलांडली तरी कळलं नाही, तशीच पुढे जाऊन लांब उडीच्या वाळूत गुडघ्यावर पडले. मागून ग्रॅहम शांतपणे म्हणाला, "अकरा सेकंद."

टायमिंगच्या गेटच्या किरणाने माझ्याआधी धुक्यालाच धावपटू समजून घड्याळ चालू केलं होतं.

"अकरा सेकंदांत माझी सर्वात म्हातारी गाय येते," ग्रॅहम म्हणाला. "धुकं जाऊ दे, परत धाव."

धुकं जाईपर्यंत मी बाबांशेजारी बाकावर बसले. त्यांनी थर्मासमधला चहा ओतून दिला. मी विचारलं, "काही दिसलं का तुम्हाला?"

"दिसलं नाही. ऐकू आलं. पहिली पावलं दमल्यासारखी, शेवटची चांगली."

ऊन पडल्यावर परत धावले. ग्रॅहमने आकडे पाहिले आणि म्हणाला, "तुझा शेवट चांगला आहे. सुरुवात कच्ची. आम्हाला सुरुवात लागते." त्या वर्षी मी कुठेच नव्हते.

*

दुसऱ्या वर्षी प्रश्न वजनाचा होता. जड स्लेड ढकलायची तर ढकलणारी पण भरलेली हवी. मी काडी. आईला हे समजावताना नाकी नऊ आले. तिच्या मैत्रिणींच्या मुली लग्नासाठी वजन उतरवत होत्या आणि हिची मुलगी चढवत होती. पण एकदा पटल्यावर आईने मनावर घेतलं. डब्यात तीन पोळ्या जायच्या तिथे पाच, वरणावर तूप, वर शेंगदाण्याचा लाडू. ऑफिसात मी पाण्याच्या पाइपांची डिझाइनं करते, शेजारच्या टेबलावरचा माणूस माझा डबा बघून विचारायचा, "आज कुणी पाहुणे आहेत का?"

तरी टेस्टिंगच्या सकाळी एक किलो कमी भरत होतं. पायलट मेरेने उपाय सांगितला, "पाणी पी."

मेरे पोरिरुआची, शाळेत शिकवते. टेस्टिंगसाठी एकटी सहा-सात तास गाडी चालवत येते, आणि आल्याबरोबर आधी बाबांना भेटते. "किआ ओरा, मात्वा" म्हणते. माओरीत मात्वा म्हणजे आपल्याकडे 'काका' म्हणतो तसं, पण त्याहून जरा जास्त मान देऊन. बाबा उठून उभे राहतात.

तर मी पाणी प्यायले. मोठ्या दोन बाटल्या. रांगेत उभी राहिले आणि माझा नंबर आला तेव्हा वजनकाट्याची बॅटरी संपली.

ग्रॅहम म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, काही बिघडत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊन येतो." आणि चालत गेला. पळत नाही तो कधी. मी भिंतीला टेकून पाय एकमेकांत अडकवून उभी. मेरे माझ्याकडे बघून छताकडे बघत होती. वीस मिनिटांनी ग्रॅहम आला. बॅटरी चुकीची होती.

तो परत निघाला तेव्हा बाबा उठले, गाडीच्या डिकीतून टूलबॉक्स काढला, आणि दुसऱ्या कशाची तरी बॅटरी आणि चांदीचा कागद लावून काटा चालू केला. ते आयुष्यभर मशिनांचे इंजिनिअर. आकडा हवा तेवढा आला. मी आकडा न बघताच बाथरूमकडे धावले होते. ग्रॅहम म्हणाला, ती दिवसातली माझी सर्वात चांगली सुरुवात.

*

त्या वर्षी मी राखीव झाले, म्हणजे कुणी आजारी पडलं तरच. कुणी आजारी पडलं नाही.

युरोपला निघायच्या आधी मेरे आमच्याकडे जेवायला आली होती. जेवण झाल्यावर आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. मी तिला विचारलं, "बर्फाला वास असतो का?"

तिने हसण्यावारी नेलं नाही.

"असतो. हातात खूप वेळ धरलेल्या लोखंडाचा येतो ना, तसा. पण तो ट्रॅकचा. नुसत्या बर्फाचा मला माहीत नाही."

नोव्हेंबरात तिने फोनवर एक आवाज पाठवला. व्हिडिओ नाही, फक्त आवाज. स्लेड ढकलायची सुरुवात, बुटांचे खिळे बर्फात रुतताना होणारा करकर आवाज, सहा-सात पावलं, मग दोन धप्प, आणि मग एकसारखी घरघर, लांब लांब जाणारी. इकडे तेव्हा उन्हाळा. ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक जँडल म्हणजे रबरी चपला घालून जेवायला चालले होते आणि मी गाडीच्या काचा वर करून तो आवाज ऐकत होते. पावलं मोजली. सातव्याला तिची ब्रेकवुमन आत बसली होती. मी आठव्याला बसले असते, अजून एक पाऊल ढकललं असतं, असं मला वाटत राहिलं.

*

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये जयंतीचा कार्यक्रम होता. आमच्याकडची वीस-पंचवीस बौद्ध कुटुंबं एक हॉल घेऊन जमतात. वंदना, भाषणं, मुलांचे डान्स, मग जेवण. जेवणाच्या रांगेत कांबळेकाकांनी बाबांना गाठलं. जय भीम झालं, आणि काका म्हणाले, "प्रज्ञा काहीतरी बर्फाचा खेळ खेळते म्हणे."

"बॉबस्लेड," बाबा म्हणाले.

"काय असतं ते?"

बाबांनी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकामागे एक ठेवल्या. "ही गाडी. बर्फाच्या नाल्यातून खाली जाते."

"इंजिन?"

"नाही. उतार असतो."

"मग ही काय करते?"

"सुरुवातीला ढकलते."

"किती वेळ?"

"पाच-सहा सेकंद."

"आणि मग?"

"मग मान खाली घालून बसते."

कांबळेकाका खुर्च्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण बर्फ कुठाय इथे?"

"नाही इथे," बाबा म्हणाले. "तेच तर."

एवढं बोलून त्यांनी खुर्च्या जागेवर ठेवल्या आणि काकांच्या ताटात आपल्या हाताने जिलबी वाढली.

*

त्या जुलैत मी पहिली आले. उडी, वजन, तीस मीटर, स्लेड, सगळ्यात मिळून पहिली. ग्रॅहमने हात मिळवला. घरी आईने खीर केली. तिसऱ्या दिवशी ग्रॅहमचा फोन आला, तिकिटांसाठी माहिती हवी होती. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट.

मी नंबर सांगितला. तो म्हणाला, "हा नंबर वेगळा दिसतोय."

"भारताचा आहे."

पलीकडे एक गाय हंबरलेली ऐकू आली. मग तो म्हणाला, "न्यूझीलंडच्या नावाने उतरायचं तर इथलाच लागतो. पंधरा वर्षं आहेस तू इथे. मला वाटलं तुझ्याकडे असेल."

मी तेरा वर्षांची असताना आम्ही पिंपरीहून आलो. इथल्या शाळेत गेले, इथल्या मुलींसारखी बोलते. पण आपल्याकडे दोन पासपोर्ट ठेवता येत नाहीत. इथला घ्यायचा तर तिथला सोडावा लागतो. बाबांनी सोडला नव्हता, म्हणून आमच्यापैकी कुणीच सोडला नव्हता. त्यावर घरात कधी बोलणंही झालं नव्हतं. त्या संध्याकाळी झालं.

"मी कधी तुला घेऊ नको म्हटलं का?" बाबा म्हणाले.

"घे असंही नाही म्हटलंत."

आई खिरीचं भांडं घासत राहिली, घासून झालेलं.

तीन दिवसांनी जेवणाच्या टेबलावर अर्ज ठेवलेला होता. बाबांनी पेन्सिलने जिथे जिथे सही हवी तिथे बारीक फुल्या केल्या होत्या. सीझन तर गेलाच. पुढच्या मार्चमध्ये नागरिकत्वाची शपथ झाली, सगळ्यांना लावायला एकेक झाडाचं रोप मिळालं. मग माझा जुना पासपोर्ट रद्द होऊन परत आला, कोपरा कापलेला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकणार होते. बाबांनी हात पुढे केला, घेतला, आणि कपाटात आपल्या पासपोर्टखाली ठेवला.

*

चौथ्या वर्षी ब्रुक आली. हेन्डरसनहून येणारी, वीस वर्षांची, रग्बी सोडून आलेली. तिला पळायला यायचं, ढकलायला यायचं, पण आत बसता यायचं नाही. चालत्या स्लेडमध्ये उडी मारताना एक पाय नेहमी बाहेर राहायचा. मे-जूनच्या सगळ्या शनिवारी मी तिला शिकवलं. आधी हात घट्ट, मग दोन्ही पाय एकदम, मग खाली. मेरे एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला कळतंय ना तू काय करतेयस?"

कळत होतं. पण ती पोरगी दर वेळी नडगी सोलून घ्यायची आणि परत रांगेत उभी राहायची. तिला तसंच कसं सोडणार?

टेस्टिंगच्या दिवशी शेवटच्या प्रकारापर्यंत आम्ही दोघी बरोबरीत होतो. उरली होती चाकांची स्लेड, प्रत्येकीला दोनदा. ती सेकंदाच्या शंभरातल्या दोन भागांनी पुढे गेली. म्हणजे किती, तर मी हे वाक्य सुरू करायला जितका श्वास घेतला तितकंही नाही. तिचे दोन्ही पाय एकदम आत पडले.

ग्रॅहमने नाव वाचलं. मी ब्रुकला मिठी मारली आणि कपडे बदलायच्या खोलीत गेले. ती मागून आली. रडत होती, मी नव्हते.

"जागा तुझी होती," ती म्हणाली.

"आकडा तुझा आहे," मी म्हटलं. "बूट एक नंबर मोठे घे. तिकडे थंडीत मोजे दोन लागतील. मेरे सांगते नेहमी."

मला तीस लागत होतं. गुडघा कुरकुर करायला लागला होता. ग्रॅहमला ते माहीत होतं, मेरेला माहीत होतं. पुढच्या वर्षीचं कुणी काही बोललं नाही.

*

बाहेर आले तर सगळे सामान आवरत होते. ग्रॅहम आणि मेरे चाकांची स्लेड ट्रेलरकडे न्यायला निघाले होते. बाबा बाकावरून उठून खाली आले होते. चार वर्षांत ते कधी ट्रॅकवर उतरले नव्हते. ते ग्रॅहमला इंग्रजीत, अगदी हळू म्हणाले, "मी एकदा बसलो तर चालेल का?"

ग्रॅहमने त्यांच्याकडे पाहिलं, मग स्लेडकडे. ट्रेलरचं दार परत लावलं. "हेल्मेट लागेल," म्हणाला.

मेरेने आपलं हेल्मेट काढून दिलं. चष्म्यावर ते बसेना. बाबांनी चष्मा काढला आणि जवळ उभ्या असलेल्या ब्रुकच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. बाबा एकेक पाय आत टाकून पुढच्या जागेवर बसले, मेरेला विचारून दोऱ्या कुठे धरायच्या ते समजून घेतलं.

"बाबा, गुडघे जवळ घ्या," मी म्हटलं.

"घेतले."

मी मागे उभी राहिले. हात दांड्यावर ठेवले. खरं तर पायांत काहीच उरलं नव्हतं. ग्रॅहम शेवटच्या रेघेवर गेला आणि खिशातून जुनं स्टॉपवॉच काढलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

"तुला वाटेल तेव्हा," तो ओरडला.

मी ढकललं. पहिल्या पावलाला स्लेड हलली, दुसऱ्याला सुटली, आणि मग ती माझ्या हातातून पुढे पळायला लागली आणि मी तिच्यामागे. आठव्या पावलाला आत गेले. मान खाली घातली. कपाळ बाबांच्या पाठीला लागलं. त्यांचा श्वास जॅकेटमधून मला ऐकू येत होता, आणि खाली चाकांची घरघर. ब्रेक ओढला. रेघेच्या बऱ्याच पुढे जाऊन थांबलो.

मी उतरले. बाबा उतरेनात.

"बाबा, झालं. हात द्या."

ग्रॅहम चालत आला. घड्याळ बघत होता. मेरे आली, त्याने तिला दाखवलं. तिने बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. दोघांनी आधी ब्रुककडे पाहिलं, मग माझ्याकडे.

बाबांनी ब्रुककडे हात केला. तिने चष्मा दिला. त्यांनी तो हेल्मेटच्या फटीतून डोळ्यांसमोर धरला, ग्रॅहमचं मनगट ओढून घड्याळ जवळ आणलं आणि नीट वाचलं. मग चष्मा घडी करून ब्रुककडे परत दिला, "अजून एकदा" म्हणाले आणि हनुवटीखालचा पट्टा घट्ट केला.