सारख्या नावाच्या दोघी

विधानसभेच्या निवडणुकीत मला पहिल्यांदा केंद्राध्यक्ष केलं, तेव्हा घरात माझ्याशिवाय सगळेच घाबरले होते. सासरे म्हणाले, "तिकडं पूर्वेला लई तापट मानसं हायती. सांभाळून." मी शिराळ्याकडची शिक्षिका. चाळीस पोरांचा वर्ग रोज सांभाळणाऱ्या बाईला एक खोली, चार कर्मचारी आणि एक मशीन सांभाळता येणार नाही, असं मला काही वाटत नव्हतं.

केंद्र मिळालं ते सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातलं. माझ्या हाताखाली पहिले मतदान अधिकारी म्हणून पाटबंधारे खात्यातले एक लिपिक होते. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, पाच निवडणुका केलेले. यादीत नाव शोधून मोठ्यानं वाचायचं आणि त्यावर खूण करायची, हे त्यांचं काम. मी त्यांना 'सर' म्हणत होते आणि ते मला 'मॅडम' म्हणत होते, पण त्यांच्या त्या 'मॅडम'मध्ये जरा खडा लागायचा. दार उघडण्याआधी मशीन तपासायला घेतात ते अभिरूप मतदान चालू असताना त्यांनी मला तीनदा "हे असं नसतं, मॅडम" म्हणून अडवलं. त्यातल्या दोन वेळा माझं बरोबर होतं. तिसऱ्या वेळी त्यांचं होतं, आणि मी ते लगेच मान्य केलं.

सकाळी सातला दार उघडलं तेव्हा बाहेर रांग लागलेली. शेतात जायच्या आधी मत टाकून मोकळं व्हावं म्हणून पहिल्या दोन तासांत झुंबड उडाली. मग जरा निवांत झालं.

दुपारी एकच्या सुमारास एक बाई आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, हातात कापडी पिशवी. घरची मेंढरं घेऊन हे कुटुंब दिवाळीनंतर कराडकडं नदीकाठी उतरतं. तिथला तळ नवऱ्यावर सोपवून ही दोन यष्ट्या बदलून एकटी मत द्यायला आली होती. सरांनी नाव वाचलं, यादीवर बोट ठेवलं आणि थांबले.

"तुमचं मतदान झालंय, मावशी."

"माझं? मी आत्ता उतरले की यष्टीतनं!"

"इथं खूण आहे."

तिनं दोन्ही हात पुढं केले. एकाही बोटाला शाई नव्हती. "मग कुनी टाकलं माझं मत?"

एवढ्यावर दोन्ही बाजूंचे मतदान प्रतिनिधी उठून उभे राहिले. एक म्हणाला, "बोगस मतदान झालंय! मी सकाळपासनं सांगतोय!" दुसरा म्हणाला, "तुजीच मानसं हायती ती, गप बस." आवाज चढले, तसे रांगेतले लोक दारातून डोकावू लागले.

सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "प्रदत्त मत देऊन टाका, मॅडम. नियमात आहे. विषय संपतो."

नियमात होतंच. आपल्या नावावर आधीच मत पडलेलं असेल तर खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका देतात आणि ती पाकिटात बंद करून ठेवतात. पण न्यायालयानं सांगितल्याशिवाय ते पाकीट उघडत नाही, हे मला माहीत होतं.

मी त्या बाईला तसंच सांगितलं. ती मग म्हणाली, "आवं बाई, मोजनार न्हाई ते मत द्यायला मी एवढ्या लांबनं आले व्हय?"

मला ते पटलं. मी प्रतिनिधींना म्हटलं, "दोघंही खाली बसा. बोगस आहे की नाही ते आधी वहीत बघू." वर्गात वापरते तोच आवाज होता. बसले.

मतदारांच्या नोंदवहीत प्रत्येकाच्या सहीशेजारी त्याच्या ओळखपत्राचे शेवटचे आकडे लिहिलेले असतात. हिच्या नावासमोर अंगठा होता आणि आकडे हिच्या कार्डाशी जुळत नव्हते. म्हणजे जी कुणी येऊन गेली, ती स्वतःचंच कार्ड दाखवून गेली होती. मी यादी खाली वाचत गेले. त्या गावात निम्म्यांचं आडनाव एकच. तीन ओळी खाली तेच नाव, तेच आडनाव, फक्त नवऱ्याचं नाव वेगळं. आणि त्या ओळीवर खूण नव्हती.

"ही बाई सकाळी आली होती का?" मी विचारलं.

मघाशी ओरडणारा पहिला प्रतिनिधी आठवून म्हणाला, "आलती की. डेरीला दूध घालून तशीच रांगेत हुबी हुती."

निरोप धाडला. पंधरा मिनिटांत ती आली, बोटाला शाई, हातात कार्ड. कार्डावरचे आकडे वहीतल्या अंगठ्याशेजारच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. मत तिचंच होतं, खूण तेवढी चुकीच्या ओळीवर पडली होती. दोघी एकमेकींना ओळखत होत्या. "तुजं नाव घिऊन गेल्ते बग मी," असं म्हणून सकाळी मत देऊन गेलेली हसली, आणि दारातली माणसंही हसली.

मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांच्या संमतीनं नोंद दुरुस्त केली, दोन्ही प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या आणि कराडहून आलेल्या बाईला मशीनकडं पाठवलं. बीप वाजला. बाहेर येताना ती मला म्हणाली, "आता लागंल ती यष्टी धरते. मेंढरं येकट्याच्यानं आवरत न्हाईत."

संध्याकाळी मशीन सील करताना प्रत्येक पट्टी सरांनी मला दाखवून चिकटवली.

निकालाच्या दिवशी मी घरी टीव्हीसमोर होते. त्या मतदारसंघात पहिल्या फेरीपासून एकाच उमेदवाराची आघाडी होती, ती वाढतच गेली. दुपारी गुलाल उधळताना दाखवलं तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, फरक बघितला का? त्या एका मतासाठी आपण अर्धा पाऊण तास घालवला."

"सर, फरक दुपारी एकला कुठं माहीत होता? आणि माहीत असता तरी मी वही उघडलीच असती."

ते मग म्हणाले, "चूक माझी होती. गर्दीत नवऱ्याचं नाव वाचलंच नाही मी. तुम्ही केंद्राध्यक्षाच्या डायरीत माझं नाव लिहाल असं वाटलं होतं."

"नोंद चुकीच्या ओळीवर झाली, एवढंच लिहिलं. खरं तेवढंच होतं."

"पुढच्या वेळी तुमच्याच हाताखाली नेमणूक आली तर बरं होईल," ते म्हणाले. या वेळी आवाजात खडा नव्हता. मी म्हटलं, यायची असेल तर येईल की, आणि फोन ठेवून दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचे पेपर काढायला बसले.