निळ्या गाडीचं मडगार्ड

आमच्या ह्यांना कुठलीही वस्तू एका दमात पसंत पडली असं कधी झालं नाही. मला तेवढी पटकन कशी पसंत केली, देव जाणे.

हे शाळेची बस चालवतात. आपल्या हातून उभ्या जन्मात कुणाला साधं खरचटलं नाही, हे येता-जाता सांगायचे. आणि परवा संध्याकाळी आमची स्वतःची निळी गाडी नेऊन घातली गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबावर! बोनेट दुमडलं, डावा दिवा फुटला, मडगार्ड चाकात घुसलं. वर म्हणतात, "खांबच वाकडा आहे." बरं बाबा, खांब वाकडा!

गॅरेजात द्यायला तयार नाहीत. बसमालकाच्या कानावर गेलं तर? मग काय, घरासमोर गाडी विटांवर चढली आणि मी पाना धरायला. माझी कंबर धरली, पण ऐकतंय कोण?

भंगारबाजारात तर जीव मेटाकुटीला आला. दिव्यांचा हा ढीग. दुकानदार म्हणतोय, "काका, कुठलाही उचला, सगळे सारखेच." पण हे प्रत्येक दिव्याच्या पाठीवरून बोट फिरवणार. दिवा गाडीला घट्ट बसावा म्हणून मागे कान असतात, त्यातला एक मोडून चिकटवलेला निघाला. "हा रस्त्यात थरथरणार, उजेड भलतीकडेच पडणार," म्हणाले आणि नवा दिवा घेतला. दुकानदारानं निळं बोनेट काढून दिलं, ते जुनंच घेतलं, पण त्याचं कुलूप नवं. चालत्या गाडीत बोनेट उघडून काचेवर आलं म्हणजे? ब्रेकची नळी चेपली होती, तीही नवी. ह्यांचा हिशोब साधा: पत्रा जुना चालेल, पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते नवंच. मी आपली पिशव्या धरून उभी. नुसतं चाचपून ह्यांना एवढं कळतं, याचं तेव्हा मला कौतुकच वाटलं.

मडगार्ड मात्र मिळालं नाही. ते आणायला दुसऱ्या दिवशी हे एकटेच गेले, माझ्यानं उठवलंच नाही. दुपारी डोळा लागला होता, जाग आली तर मडगार्ड बसवूनसुद्धा झालं होतं.

"बघ, रंगही तोच मिळाला! रंगवायची कटकट वाचली."

मी दारातून बघितलं. मडगार्ड हिरवं होतं. गडद, पण हिरवंच.

शेजारचा शिंपी जाता जाता थांबला. "काय ड्रायव्हरसाहेब, ठिगळ दुसऱ्याच कापडाचं लावलंत?"

"जळतोस होय रे!" म्हणून हे हसले. शिंपीही हसत गेला. मला हसू आलं नाही.

"अहो," मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "हिरवं आहे ते."

ह्यांनी पत्र्यावरून हात फिरवला. रंग काय बोटांना कळतो? मग पाना खाली ठेवला आणि पायरीवर बसले. किती थकलेले दिसत होते!

"खांब मला दिसलाच नव्हता," म्हणाले. "संध्याकाळ झाली की सगळं दुधात बुडाल्यासारखं दिसतं. सकाळीही आता तसंच व्हायला लागलंय."

"आणि बस? अहो, पोरं असतात त्यात!"

"पोरांना खेळ लावून दिलाय. सिग्नल आला की लाल का हिरवा, कोण आधी ओरडतं ते बघायचं." खाली मान घालून म्हणाले, "ती ओरडतात, मी चालवतो."

भयंकर राग आला. आणि कीवही आली, खोटं कशाला बोलू? आत जाऊन फोन आणला, मालकाचा नंबर लावला आणि ह्यांच्यापुढे धरला.

"तू बोल ना. मला नाही जमायचं."

"मी नाही. बस तुम्ही चालवता."

पलीकडून मालक हॅलो, हॅलो करत होता. ह्यांनी फोन घेतला.

"साहेब," म्हणाले, "उद्या पोरांना आणायला दुसरं कुणीतरी पाठवा."