बॉनेटवरचे टवके

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही — नागपूरच्या दादाकडे नाही, देवापुढेसुद्धा नाही. कुठून सुरू करू? गाडीपासूनच करते.

गाडी बाबांची. मरून रंगाची, जुनी, पण जिवापाड जपलेली. आई गेल्यावर रायपूरच्या घरात आम्ही दोघंच — रेल्वेतून निवृत्त झालेले बाबा आणि लग्न न केलेली मी. भनपुरीच्या ऑफिसात मी स्कूटीनं जायची. बाबा गाडी काढायचे ती रविवारी, पंडरीला मित्रांकडे जायला.

एका दुपारी ते झोपलेले असताना मी न विचारता गाडी नेली. का? ऑफिसात एक कागद देऊन यायचं होतं, ऊन होतं, स्कूटी नको वाटली — इतकंच. भनपुरीच्या रस्त्यावर गिट्टीच्या ट्रकच्या अगदी मागे लागले. ट्रकला चिकटू नको, असं बाबांनी किती वेळा बजावलेलं! खडे तडतडले. घरी येऊन बघते तर बॉनेटवर रंगाचे बारीक बारीक टवके उडालेले, आतला पत्रा दिसत होता.

बाबा अजून झोपलेलेच होते. मी किल्ली जागेवर टांगली.

सकाळी गाडी पुसताना बाबांना ते दिसले. "हे कशानं झालं वं?"

आणि मी — किती सहज! — म्हणाले, "तुम्हीच तर रविवारी भनपुरीकडून आले ना बाबा? सांगून राहिले होते, समोर ट्रक होता म्हणून."

त्यांच्या हातातलं फडकं थांबलं. "मी? भनपुरीले? मले तर काहीच आठवून नाही राहिलं."

तेव्हा सांगता आलं असतं. नसतं का? ते रागावले असते, थोडा वेळ. मला तेवढाही राग नको होता.

त्यांनी गोल बाजारातून टचअप रंगाची बाटली आणली. एकेक टवका साफ केला, टूथपिकच्या टोकानं थेंब थेंब रंग भरला, वाळू दिला, पुन्हा भरला, मग ओल्या पॉलिश पेपरनं हलकेच घासला. मी शेजारी बाटली धरून. त्यांचा हात जरासुद्धा कापत नव्हता — आणि तोंडानं मात्र पुटपुटणं चाललेलं, "डोकं गेलं माझं." त्यावर मी काय म्हणाले? "इथं थोडं राहिलं बाबा."

काम संपल्यावर त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "आता तूच चालव. उद्या कोणाले उडवलं म्हणजे?"

मी घेतली. खरं सांगू? — बरं वाटलं. रोज गाडी मिळणार होती.

त्यांचं पंडरीला जाणं सुटलं. मग विचारणं सुरू झालं — गॅस बंद केला का मी? दाराले कडी लावली का? लावलेली असायची, तरी विचारायचे. हल्ली कधी कधी नसते. ते खरंच विसरू लागलेत, की मीच त्यांना विसरायला शिकवलं?

गेल्या महिन्यात दादा आला. आम्ही बाबांना डॉक्टरांकडे नेलं.

"कब से भूल रहे हैं, बाबूजी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गाड़ी में पत्थर लगे थे, तब से," बाबा म्हणाले. "बेटी से पूछ लो. इसको सब याद है."

डॉक्टर माझ्याकडे वळले. दादाही.

मी मान हलवली — हो म्हणून.

गोळ्या सुरू झाल्या आहेत. रोज मीच त्यांच्या तळहातावर ठेवते.