भाऊंच्या डोक्यावर हेल्मेट कोणी चढवलं?

रविवारी सकाळी सायकल चालवायची तासभर आणि टपरीवर चहा पीत उभं राहायचं दीड तास! मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? आमच्या ग्रुपमध्ये वजन कुणाचंच उतरलं नाही. किस्से मात्र इतके झालेत की नवीन माणूस आला की आधी कुठला सांगायचा यावरून भांडणं होतात. आज मध्ये तोंड घालायला कोणी नाही, म्हणून मीच सगळे सांगून टाकते.

आम्ही चौघं. मी परळच्या एका हॉस्पिटलमधून रिटायर झालेली नर्स, सगळे मला सिस्टरच म्हणतात. दुसरे आमचे हे, सुधाकर, म्हणजे अख्ख्या काळाचौकीचे भाऊ. तिसरा बबन, परळला गणपतीच्या मूर्ती करतो. आणि चौथे गिरगावचे केळकर, बँकेतून रिटायर झालेले. जगात कुठे काही नवीन निघालं की ते पहिलं केळकरांच्या घरी पोचतं.

आणि सगळ्या किश्श्यांचं मूळ एकच. आमचे हे हेल्मेट घालत नाहीत!

*

तीस वर्षं कॅज्युअल्टीत काढली मी. फुटलेलं डोकं घेऊन आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "सिस्टर, मी सांभाळूनच चालवत होतो ओ!"

हे मी भाऊंना शंभरदा सांगितलं. त्यांचं एकच, "चाळीस वर्षं सायकल मारतोय. एकदा तरी पडलो काय?"

"माझ्याकडे आले ना, तेसुद्धा त्या दिवसापर्यंत एकदाही पडले नव्हते."

"ते त्यांचं नशीब!"

"आणि तुमचं?"

"माझं काय! मी तर नर्सच घरात आणून ठेवलीय!"

घ्या! सगळे हसले, मीही हसले. पण खरं सांगते, हे पुढे सायकल मारत असले की माझं लक्ष रस्त्यावर नसायचं, ह्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूवर असायचं. कारण तिथे लागलेली माणसं मी पाहिली होती. भीती वाटायची मला.

*

शेवटी एकदा ओढतच दुकानात नेलं. एकही हेल्मेट बसेना! मिडियम झालं, लार्ज झालं, प्रत्येक वेळी डोक्यावर वाटी पालथी घातल्यासारखं दिसायचं. भाऊ खूश. "बघितलंस? देवाच्याच मनात नाही!"

बबन काय गप्प बसतो! त्याने पिशवीतून मूर्तीची मापं घ्यायचा लोखंडी कंपास काढला, भाऊंच्या दोन्ही कानांच्या वर लावला, एक डोळा मिटला आणि दुकानदाराला म्हणाला, "शेठ, एवढं डोकं मी चार फुटी मूर्तीला बसवतो. त्या हिशोबाने काढा!"

दुकानदार माळ्यावर चढला आणि धूळ झटकत एक हेल्मेट घेऊन उतरला. बसलं बाई एकदाचं! बबनने तिथेच भाऊंना हात जोडले.

*

हेल्मेट घरी आलं, पण खुंटीवरच राहिलं. तेव्हा केळकर म्हणाले, "सिस्टर, त्यांना विज्ञान समजावून सांगायला हवं."

एका रविवारी ते आपलं जुनं हेल्मेट आणि दोन नारळ घेऊन आमच्या चाळीत हजर! आधी लेक्चर झालं. माणूस पडतो तेव्हा डोकं तिरकं आपटतं, कवटी थांबते आणि मेंदू आत गरकन फिरतो. म्हणून नव्या हेल्मेटमध्ये आत एक वेगळा थर असतो. तो जरासा सरकतो, आणि तो हिसका मेंदूपर्यंत पोचू देत नाही.

भाऊ म्हणाले, "माझा मेंदू लग्नापासून फिरलेलाच आहे. आता आणखी कुठे फिरणार?"

मग प्रयोग. बबन दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खाली अख्खी चाळ गोळा. पहिला नारळ उघडा टाकला, फटकन दोन तुकडे! लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं खोबरं घेऊन पळाली. दुसरा नारळ हेल्मेटमध्ये पट्टा आवळून टाकला. धप्प! केळकरांनी पट्टा सोडला आणि विजयी मुद्रेने नारळ वर धरला. एक चीरसुद्धा नाही!

खाली लोक मात्र एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "नारळ फुटला नाही... हे काय बरं लक्षण नाही हो."

दुसरी म्हणाली, "मंडळाच्या पूजेला असं झालं असतं तर?"

भाऊ तर संधीच बघत होते. "ऐकलंस? ज्यात नारळ फुटत नाही ती वस्तू अपशकुनी. मी डोक्याला लावणार नाही!"

केळकर तो अख्खा नारळ बगलेत मारून गिरगावला परत गेले. महिनाभर विज्ञानाचं नाव काढलं नाही त्यांनी.

*

मग मी रडून पाहिलं. त्याचा मात्र उपयोग झाला. हे दुसऱ्या दिवसापासून घरातून हेल्मेट घालून निघायला लागले. मी कौतुकाने सगळ्यांना फोन केले.

आठवड्याने हेल्मेटला वास यायला लागला. घामाचा नव्हे, बोंबलाचा! दारात दोन मांजरं येऊन बसली, हेल्मेट हललं की त्यांच्या माना हलायच्या.

चौकशी केली तेव्हा कळलं. साहेब नाक्यापर्यंत हेल्मेट डोक्यावर ठेवायचे, नाका ओलांडला की हँडलला अडकवायचे. वरळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेले, पिशवी विसरले. मासळीवाली म्हणाली, "ही टोपली लटकतेय ना, ह्यात देते! डोकं घालत नाय तर म्हावरं तरी घाला!"

मी ते हेल्मेट तीन दिवस लिंबाच्या पाण्यात घासत होते आणि ह्यांच्याशी बोलत नव्हते. मांजरं चौथ्या दिवशी गेली.

*

केळकरांचा सगळ्यात भारी पराक्रम राहिलाच! त्यांच्या पुतण्याने परदेशातून एक गळपट्टा पाठवला. सायकलवाला पडतोय असं वाटलं की त्यातून फुगा बाहेर येतो आणि क्षणात डोक्याभोवती गच्च बसतो. फक्त एकदाच फुगतो, मग संपला. केळकर म्हणाले, "भाऊ, ह्यात केस विस्कटत नाहीत, घाम येत नाही. आधी मी वापरून दाखवतो, मग तुम्हाला देतो."

तर रविवारी केळकर गळपट्टा लावून ऐटीत गिरगावातून चाललेत, मागे आम्ही तिघं. समोरून त्यांचे शाळेतले मास्तर आले, नव्वदीचे, काठी टेकत. केळकरांनी धावत्या सायकलवरून उडी मारली आणि तशीच मुसंडी मारून मास्तरांच्या पायाशी वाकले.

फट्ट!

केळकरांचं डोकं गायब! रस्त्यातल्या बायका किंचाळल्या, बबन खाली बसून हसायला लागला, आणि मास्तरांच्या पायाशी एक भला मोठा पांढरा भोपळा.

मास्तर जराही हलले नाहीत. काठीने फुग्यावर टकटक केली आणि म्हणाले, "केळकर, नमस्कार सावकाश करावा, हे तुला चौथीतही सांगितलं होतं."

*

असे सगळे उपाय संपले. आणि मे महिन्यात आमच्या गेटसमोरच्या बदामाच्या झाडावर एका कावळीने घरटं केलं.

चाळीतून दीडशे माणसं जातात-येतात. तिने धरलं ते फक्त भाऊंना! हे गेटबाहेर पडले की मागून यायची आणि टाळक्यात टोच! पहिल्या दिवशी ह्यांनी शिवी दिली, दुसऱ्या दिवशी पेपर उगारला. बसच्या पुढ्यातून सायकल काढणारा हा माणूस, तिसऱ्या दिवशी गेटच्या आत उभा राहून झाडाकडे बघत थेट गावच्या मालवणीत मला विचारतो, "गो, ता हेल्मेट खंय ठेवलंस?"

माझी तीस वर्षांची नोकरी, केळकरांचं विज्ञान, बबनचा कंपास, सगळं एकीकडे आणि एक कावळी एकीकडे! आधी वाटलं, झाड ओलांडलं की काढतील. पण ती बया सिग्नलपर्यंत पाठलाग करायची आणि पुढे दादरपर्यंत कावळेच कावळे. ह्यांना प्रत्येक कावळा तिचाच भाऊबंद वाटायचा. पट्टासुद्धा गच्च आवळायला लागले.

बारा दिवसांनी दादरला एका उभ्या टॅक्सीचा दरवाजा अचानक उघडला. माझ्या डोळ्यांदेखत हे उडाले. डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं, तो आवाज मला ऐकू आला.

बबन ओरडत होता, "सिस्टर! सिस्टर!" आणि माझे पायच उचलेनात. तीस वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे धावत गेले, स्वतःच्या नवऱ्याकडे चार पावलं जाता येईना.

तेवढ्यात हे उठून बसले. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "कावळो हुतो काय गो?"

हेल्मेट मागून या कानापासून त्या कानापर्यंत तडकलं होतं. डोक्याला ओरखडासुद्धा नाही! कोपराला चार टाके पडले, स्कॅन स्वच्छ आला. मी भर रस्त्यात बसून रडले. लाज कसली आलीय त्यात!

*

पुढच्या रविवारी मी वडे-सागोती केली. बबन आणि केळकर जेवायला यायचे होते. आंघोळ करून, केस ओलेच मोकळे सोडून पहिला वडा तळला, पत्रावळीवर ठेवला, शेजारी थोडा भात वाढला आणि खाली जाऊन कंपाउंडच्या भिंतीवर मांडलं. झाडाकडे बघून हात जोडले.

"काव, काव! ये गो बाय, जेव!" म्हणताना डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आमच्या शेजारच्या राणेकाकू महिनाभर गावाला होत्या. नेमक्या तेव्हाच टॅक्सीतून उतरल्या. त्यांनी पत्रावळ बघितली, माझे केस बघितले, डोळे बघितले. हातातली फणसाची पिशवी धपकन खाली पडली.

"अगो बाय माझे! भाऊ कधी गेले गो?"

मी सांगायला तोंड उघडलं, पण हुंदकाच आला. काकूंनी मला पोटाशी धरलं आणि गळा काढला. इतक्यात कावळी खाली आली आणि तिने वड्याला चोच मारली.

काकूंनी डोळे पुसत हात जोडले. "बघ, लगेच शिवलो कावळो! काय एक इच्छा रवली नाय गो त्यांची!"

आणि वर दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, पांढऱ्या गंजिफ्रॉकात ओणवं होऊन आमचे हे ओरडले, "गो, एकच काय घातलंस? दोन घाल तिका!"