सगुणमामांचा फोन बोलेना

फोन सगुणमामांच्या हातात दिला तेव्हा माझी छाती चांगलीच फुगलेली होती. कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं मॉडेल. त्यावर मी नवीकोरी सिस्टीम चढवली होती. स्क्रीन लख्ख. वायफाय पकडत होता, कॅमेरा फोटो काढत होता, गाणं वाजत होतं. डिचोलीच्या बाजारात हे काम करणारं दुसरं कोण आहे, असं मी मनातल्या मनात स्वतःलाच विचारून घेतलं.

मामांनी फोन डाव्या तळहातावर घेतला. अंगठ्याने खालचं बटण दाबलं. थांबले. पुन्हा दाबलं. मग फोन कानाजवळ नेला.

"बाय, ह्यो बोलत नाय."

"मामा, चालू आसा तो. स्क्रीन बघा..." असं मी म्हणाले आणि जीभ चावली.

सगुणमामांना दिसत नाही. जन्मापासून. हे मला आदल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी फोन तपासताना मी तो माझ्याच डोळ्यांनी तपासला होता. त्यांच्या फोनमध्ये स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा एक आवाज होता. नवी सिस्टीम घालताना तो मी मागे सोडला होता. फोनची मेमरी कमी, म्हणून मी सगळ्यात छोटं पॅकेज निवडलं. त्यात आवाज नव्हता. मला तो लागत नाही, त्यामुळे तो नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी मूळची गोव्यातल्या पेडण्याची. तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात काही वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. मग लग्न होऊन डिचोलीला आले आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान घातलं. त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

सगुणमामा दोडामार्गाकडचे. तरुणपणी इथल्या एका खाण कंपनीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्या तशी नोकरी गेली. पुढे खनिजाची वाहतूक पुन्हा थोडी सुरू झाली, तेव्हा ट्रकमालकांनी त्यांना पाळीचं काम दिलं. पाळी म्हणजे कोणाचा ट्रक आधी भरायचा आणि कोणाचा मागून, हा क्रम. यावरून पूर्वी बाचाबाची व्हायची, कधी कॉलर धरण्यापर्यंतही जायचं. सगुणमामा तोंड बघून पाळी देणार नाहीत, असं ट्रकवालेच हसत सांगतात. मामाही हसतात. सगळे नंबर तोंडपाठ. ट्रकवाले मेसेजच्या ॲपवर बोलून निरोप टाकतात आणि मामा बोलूनच उत्तर देतात.

आणि त्याच ॲपने सांगून टाकलं, की तुमच्या फोनची सिस्टीम फार जुनी, आता आम्ही यावर चालणार नाही.

शनिवारी मामांना स्कूटरवर बसवून दुकानात आणलं ते बाबुसोने. हा ट्रकमालकांचा सेक्रेटरी. त्याने मामांसाठी एक नवा फोन आधीच विकत घेतला होता. मामांनी तो हातात घेऊन पुढून-मागून चाचपला आणि परत केला. "ह्येका तोंड खय नि पाठ खय, माका कळणा नाय. सगळी काच. बटण खय आसा?"

"मामा, सोमाराक गाड्यो भायर सरतल्यो," बाबुसो म्हणाला. "तोमेरेन फोन जाय. ना जाल्यार पाळयेचें काम ऑफिसांतल्या कंप्युटराक दिवचें पडटलें. हांव तरी कितें करूं?"

सोमवारपर्यंत फोन हवा, नाहीतर पाळी कंप्युटर लावणार, असं त्याचं म्हणणं. बाबुसो वाईट माणूस नाही. पण कंप्युटर म्हटल्याबरोबर मामांचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन लांब. पाळीचं काम म्हणजे दिवसभर त्यांना फोन करणारी माणसं. ते गेलं तर फोन कशाला लागणार होता?

म्हणून मी म्हटलं, "याच फोनात नवी सिस्टीम घालून बघते."

याला आमच्या धंद्यात कस्टम रॉम म्हणतात. कंपनी जुन्या फोनला नवी सिस्टीम देणं बंद करते. पण जगभरातले हौशी लोक आपल्या वेळात अशा फोनांसाठी नवी सिस्टीम तयार करून फुकट वाटतात. ती घालायला फोनचं आतलं कुलूप उघडावं लागतं. नंतर रिकव्हरी नावाचा एक छोटा मेनू लागतो. फोन सुरू होण्याआधी तो उघडतो आणि तिथून जुनी सिस्टीम पुसून नवी घालता येते. मध्येच चूक झाली तर फोन कायमचा बंद पडतो. त्याला आम्ही वीट झाली म्हणतो, कारण मग तो फक्त कागदावर ठेवायच्या कामाचा.

या फोनचं कुलूप आधीच उघडलेलं होतं. फोन रूटही केलेला होता, म्हणजे सिस्टीमच्या आत हवे ते बदल करायची परवानगी कोणीतरी मिळवली होती. आणि बदल तरी कसले! मधलं बटण तीनदा दाबलं की फोन किती वाजले ते थरथरून सांगायचा. तासाला लांब थरथर, पाव तासाला आखूड. मी तो खेळ चार वेळा करून पाहिला. कोणा हुशार मुलाने करून दिलं असेल, असं वाटलं. रविवारी सकाळी कामाला बसले, मामांचे सगळे नंबर आधी सुरक्षित काढून ठेवले आणि सिस्टीम घातली. अकराला मामा आले. पुढचं वर सांगितलंच आहे.

"मामा, चूक म्हजी," मी म्हटलं. "अर्दें वर दियात." अर्ध्या तासात होईल असं मला वाटलं होतं.

बोलणारा आवाज साध्या ॲपसारखा वरून घालता आला असता. पण मग फोन बंद होऊन सुरू झाला, की स्क्रीनचं कुलूप उघडेपर्यंत तो गप्प राहिला असता, आणि मामांना कुलूप उघडतानाच तो हवा. म्हणजे तो सिस्टीमच्या आत घालायला हवा. त्यासाठी पुन्हा रिकव्हरीत जायचं. फाईल मेमरी कार्डवर टाकली, बटणं धरून फोन सुरू केला. फोन थरथरला आणि स्क्रीन काळी राहिली.

पुन्हा केलं. काळीच.

मग माझी दुसरी चूक कळली. नव्या सिस्टीमबरोबर तिची स्वतःची रिकव्हरी येते. ती घालू नको, असं सांगायचं मी विसरले होते. या फोनची स्क्रीन कधीतरी बदललेली, कंपनीची नसलेली. नव्या रिकव्हरीला ती ओळखता येत नव्हती. मेनू आत उघडत होता, दिसत मात्र काही नव्हतं. लॅपटॉपवरून जुनी रिकव्हरी परत घालावी, तर फोनचं सॉकेट झिजलेलं. चार्ज घेई, डेटा नेत नसे. नवं सॉकेट मंगळवारशिवाय मिळणार नव्हतं.

"कित्याक गप्प झालंस?" मामांनी विचारलं.

"स्क्रीन काळी पडली मामा. म्हाका कांयच दिसना."

मामा असे मोठ्याने हसले, की बाहेर स्कूटरवर बसलेल्या बाबुसोने मान आत घातली. "बरां झाला," मामा म्हणाले. "आता दोघांय एकाच बाकार बसलो."

मला काही हसू आलं नाही. या रिकव्हरीच्या मेनूचा फोटो लॅपटॉपवर होता. तो पाहून मी बटणं मोजून दाबायला लागले. आवाजाचं खालचं बटण दाबलं की एक ओळ खाली, पॉवर दाबलं की निवड. पहिल्या खेपेला फोन रीस्टार्ट झाला. दुसऱ्या खेपेला बंद पडला. तिसऱ्या खेपेला मी कोणत्या ओळीवर आहे हेच समजेना. हवी ती ओळ दुसरी, आणि तिच्याच खाली 'सगळं पुसून टाका'. मी पॉवर धरून फोन बंद केला.

"दी हंय," मामांनी हात पुढे केला. "माका खालसून वर नको, वरसून खाली वाचून दाखय."

"मामा, हें कठीण आसा."

"ह्यो फोन रूट कोणी केल्यान, असा तुका वाटता?"

मी लॅपटॉपवरून मान वर केली.

"मियाच केलंय," ते म्हणाले. "नोकरी गेली. घरात बसान करतलंय काय? आमच्यासारख्या लोकांचो एक ग्रुप आसा. थय एकान सगळा बोलान टाकलेल्यान. खाली किती वेळा, मधला बटण केदवा. दोन दिस पाठ केलंय, तिसऱ्या दिसाक हात घातलंय."

"आणि चुकला असता तर?"

"दोनदा चुकलंय. परत केलंय. तुमका दिसता म्हणान तुमी घाबरतास."

त्यांनी फोन सुरू केला. थरथर झाल्यावर लगेच बटण दाबलं नाही. मनात काहीतरी मोजत थांबले. "तू घाई करतंस," ते म्हणाले. "तो अजून जागो जावक नाय, थय तुझी दोन बटणा दाबून झाली. नि बटण पुरा आत गेला काय हाडाक कळता. ता मोजूचा. आता वाच."

मी वाचलं. "पयली ओळ, रीस्टार्ट. दुसरी, अपडेट घाला. तिसरी, सगळें पुसा."

"दुसरी." खाली एक. पॉवर.

"आता दोन ओळी. पयली लॅपटॉपवरून, दुसरी मेमरी कार्डावरून."

खाली एक. पॉवर.

"आता कार्डावरच्यो फाईली. पयली सिस्टीम, दुसरी आवाज."

मामांचा अंगठा एकदा खाली गेला. पॉवरवर पोचला आणि मला आठवलं.

"थांबा!" मी ओरडले. "सगळ्यांत वर 'मागे जा' अशी ओळ आसता. आवाज तिसरो."

"खात्री?"

"खात्री."

अजून एक खाली. पॉवर. मग फोन विचारतो, अनोळखी फाईल आहे, घालू का? वर नको, खाली हो. खाली एक, पॉवर.

आता वाट बघायची. किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. स्क्रीनवर रेघ सरकत असते, पण ती दिसायला स्क्रीन हवी. मामांनी फोनची पाठ गालाला लावली. "ऊन जाता," म्हणाले, म्हणजे फोन तापत होता. बाबुसो पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंड्या पावांची पिशवी घेऊन आत आला आणि विचारायला लागला, "कितें जालें?" मी हातानेच त्याला गप्प केलं. तिघं तसेच बसलो. मी घड्याळाकडे बघत होते, बाबुसो मामांकडे. बऱ्याच वेळाने मामा म्हणाले, "आता निवता."

"म्हणजे?"

"काम सरला. पयल्या मेनूत इलो. रीस्टार्ट पयलीच ओळ मगो?"

"पयलीच."

पॉवर. थरथर. पाच-सहा मिनिटांनी स्क्रीन उजळली. मी काही बोलायच्या आत मामांनी आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली. आणि फोनमधून एक बाई सावकाश, घोळवून मराठीत बोलली, की आवाज सुरू झाला आहे.

मामा फोन नुसता धरून बसले. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच स्क्रू ड्रायव्हर डब्यात लावत बसले.

"किती सावकाश बोलता गो ही," शेवटी मामा म्हणाले. "हिका जेवण मिळाक नाय काय?" आणि त्यांनी तिचा वेग एवढा वाढवला, की मला आणि बाबुसोला एक अक्षर कळेना. मामांना मात्र सगळं कळत होतं. मेसेजचं ॲप घातलं तसे अडलेले निरोप एकामागून एक यायला लागले. ट्रकवाल्यांचे आवाज माझ्या दुकानात भरले. कोणी टायरचं सांगत होता, कोणी ड्रायव्हर बदलला म्हणून, एकजण नुसतंच विचारत होता, "मामा, खंय गेल्यात?"

थरथरून वेळ सांगणारा बदल जुन्या सिस्टीमबरोबर गेला होता. मी तो करून देते म्हटलं. "नको," मामा म्हणाले. "ता मिया घराकडे जावन घालतंय. तू परत बघून करशीत."

सोमवारी सकाळी पावणेनऊला बाबुसोचा फोन आला. पहिल्या दहा गाड्या गेल्या, भांडण नाही. कंप्युटरचं नाव त्याने काढलं नाही. नवा फोन त्याने स्वतःला ठेवला, आणि त्याचं बटण कुठे आहे ते विचारायला दोनदा दुकानात येऊन गेला.

आमच्याकडे फोन परत देताना भरायचा एक कागद असतो. स्क्रीन, टच, कॅमेरा, स्पीकर, चार्जिंग, समोर खुणा करायच्या. मामांच्या कागदावर मी स्पीकरसमोरही खूण केली होती, गाणं वाजलं म्हणून. आता मी त्या कागदाच्या सुरुवातीला एक ओळ वाढवली आहे. फोन घेतानाच ती भरते. तुम्ही हा फोन कसा वापरता, ते मला करून दाखवा.

हे विचारायला मला अकरा वर्षं लागली.