बोर्डासमोर मी काय बोलले

आमच्या घरात नऊ वर्षांपासून एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत आहे, आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे फक्त दोघींना ठाऊक. एक माझी भावजय कुंती — ती बोलत नाही. दुसरी मी.

ऐकायला बसला आहात तर बसा. मी लवकर मुद्द्यावर येणार नाही. येताच येत नाही मला.

आधी माझे पाय. दोन वर्षांची असताना ताप आला आणि दोन्ही पाय गेले. कमरेपासून खाली लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, त्यांना चामड्याचे पट्टे, आणि काखेत दोन कुबड्या. एवढ्यावर मी शाळा केली, कॉलेज केलं, आणि रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत वीस वर्षं गणिताच्या शिकवण्या घेतल्या. गल्लीत माझ्याबद्दल एक वाक्य ठरलेलं होतं — "दीदी अपना सब काम खुद करती है." आई हे वाक्य पाहुण्यांना ऐकवायची. मीही ऐकत बसायचे. आवडायचं मला.

खरं होतं का ते? महिन्यातले पंचवीस दिवस होतं.

उरलेल्या दिवसांचं काय सांगू? तिशीनंतर माझ्या गर्भाशयात गाठी झाल्या, आणि पाळी म्हणजे नळ सुटल्यासारखी व्हायला लागली. तासाभरात पॅड भरायचा. आता तुम्हीच विचार करा — उभं राहायला माझे दोन्ही हात कुबड्यांवर लागतात. मग पॅड कोणत्या हातानं बदलू? बसून करावं तर गुडघ्याच्या कड्या उघडा, पट्टे सोडा, तोवर रक्त चामड्यात जिरलेलं. चामडं धुता येत नाही. त्याला वास धरतो, आणि तोच पट्टा उद्या पुन्हा मांडीला बांधायचा असतो. चीड येते हो! पायांनी साथ दिली नाही ते एक समजू शकते. पण जो भाग धड होता त्यानंही काहून वैर धरावं?

डॉक्टरीण म्हणायची ऑपरेशन करा. आई ऑपरेशनला भ्यायची. गोळ्या चालल्या होत्या, गोळ्यांनी काही होत नव्हतं.

ते दिवस कुंती सांभाळायची. प्रशांत माझा धाकटा भाऊ, नवा रायपूरला सरकारी कचेरीत आहे. ही त्याची बायको. महासमुंदकडची, छत्तीसगढी. लग्न दोघांनी आपल्या मनानं केलं होतं, आणि आईनं ते पोटात घातलं होतं एवढंच. कुंती लग्नानंतर हट्टानं मराठी शिकायला लागली. "ताई, तुमी खांदा पकडा, मी हाय ना," असं म्हणायची. आई हसायची तिच्या मराठीला. मीही हसायचे. पण महिन्याच्या त्या दिवसांत तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून मी उभी राहायचे आणि ती खाली वाकून सगळं करायची. सव्वीस वर्षांची पोट्टी. एकदाही नाक मुरडलं नाही तिनं.

त्या वर्षी अपंगांची नवी कार्डं निघाली आणि जुनं प्रमाणपत्र चालेना. पुन्हा मेडिकल बोर्डासमोर जायचं होतं. काहून? मधल्या काळात माझे पाय उगवले होते का? पण एक आशा होती. यंदा ऐंशी टक्के अपंगत्व लिहून दिलं तर अपंगांची पेन्शन लागणार होती. ती लागली की त्या पाच दिवसांसाठी एक बाई ठेवायची, आणि कुंतीनं तेलीबांध्याच्या एका शाळेत बालवाडीची नोकरी धरायची. शाळेनं तिला होकार देऊन ठेवला होता. तिनं दोन साड्यांना पिकोसुद्धा करून आणला होता.

तारीख आली ती माझ्या पाळीच्या दुसऱ्या दिवसाची. प्रशांतनं बदलून मागितली तर बाबू म्हणाला, पुढचा कॅम्प कधी लागेल सांगता येत नाही. झालं! बाईचं शरीर कोणाच्या तारखेत बसवतात काय?

कुंतीनं सकाळी तयारी केली. काळी सलवार, दोन पॅड एकावर एक, वर जुन्या साडीची घडी. ऑटोच्या सीटवर अंथरायला रबराचा तुकडा. पिशवीत दुसरी सलवार. सरकारी दवाखान्याच्या रॅम्पवर मोटरसायकली लावलेल्या होत्या. तिनं एकेक ओढून वाट केली. मग तीन तास ओळ. बाकावर माझ्यापासून चार माणसं सोडून आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ बसले होते, आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन. त्यांच्या दोन्ही मुली माझ्याकडे शिकून गेलेल्या. "दीदी, आप भी?" म्हणून त्यांनी हात जोडले. मी हसले. माझ्या बुडाखालची घडी तेव्हा भिजलेली होती.

अपंगांच्या संडासाला कुलूप. चावी असलेला माणूस जेवायला गेलेला. कुंती त्याला शोधायला गेली, भांडली, चावी घेऊन आली. आत फरशी पुसायच्या बादल्या रचलेल्या. भिंतीला धरायला दांडा नाही. तिनं मला आपल्या पाठीवर रेलवलं, बादल्या पायानं सरकवल्या, आणि एका हातानं मला धरून दुसऱ्या हातानं सगळं बदललं. तिच्या हातावरून रक्त ओघळलं, साडीच्या काठाला लागलं. नळाला पाणी नव्हतं. मी रागानं रडत होते. ती म्हणाली, "हो गया ताई, हो गया. कोनाला नाही दिसत."

हे मी इतकं बारीक काहून सांगून राहिले? कारण यानंतर पंधरा मिनिटांत मी जे केलं, त्याच्या आधी काय झालं होतं ते तुम्हाला कळायला पाहिजे.

आमचा नंबर आला. खोलीत टेबलामागे तीन डॉक्टर. दार सताड उघडं, ओळ दारातच उभी. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी गुडघा ठोकून पाहिला, चालायला सांगितलं. आणि मी चालले — ताठ, झपझप, जशी एरवीही चालत नाही. मूर्ख बाई! कोणाला दाखवत होते मी? त्यांनी विचारलं, जिना चढता का? हो म्हटलं. नहाना-धोना, कपड़े, बाथरूम?

"सब खुद करती हूँ, सर."

ओठांवर बसलेलं वाक्य होतं ते. वीस वर्षांचं.

मागून कुंती बोलली. आवाज तिचा मोठा आहे, शेतावरचा. "नहीं साहब. महीने के दिनों में दीदी से नहीं होता. पकड़ना पड़ता है, सब बदलना पड़ता है. आज भी —" आणि तिनं साडीचा काठ पुढे केला.

डॉक्टरांनी काठाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी दाराकडे पाहिलं. ते गल्लीतले गृहस्थ तिथेच होते. त्यांनी मान खाली घातली. भला माणूस, पण ती खाली गेलेली मान माझ्यानं सोसली नाही.

मी म्हणाले, "झूठ बोल रही है, सर. पेंशन के लिए बोल रही है."

बोलले मी असं. स्पष्ट, शिकवणीत बोलते त्या आवाजात.

लाज वाटली म्हणून बोलले, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. नुसती लाज असती तर मी गप्प बसले असते. गप्प बसणं पुरेसं होतं. मला तिला मारायचं होतं — हे खरं आहे. जिच्या खांद्यावर दर महिन्याला टेकावं लागतं तिचा राग येतो, हे तुम्हाला माहीत आहे का? ती धडधाकट, दोन पायांवर उभी, आणि माझं सगळ्यांत झाकलेलं जे काही होतं ते अशी बोलत होती, जसा भाजीचा भाव.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "घर की औरत होकर ऐसा करती हो? शर्म नहीं आती?" साडीचा काठ कुंतीनं मुठीत गोळा केला. ती मूठ घरी पोहोचेपर्यंत तशीच होती.

पासष्ट टक्के लिहिले.

बाहेर आल्यावर ऑटोत तिनं रबराचा तुकडा अंथरला, मला बसवलं, कुबड्या आपल्या मांडीवर घेतल्या. सगळं नेहमीसारखं.

घरी आई वाट पाहत होती. "काय झालं वं? किती देल्ले?" आकडा ऐकून ती मटकन खाली बसली. "काहून? असं कसं झालं?"

इथे मी खरं बोलू शकत होते. दवाखान्यातली ओळ नव्हती, परके पुरुष नव्हते. माझी आई होती. मी म्हणाले, "कुंतीनं मधीच तोंड घातलं. डॉक्टर चिडले."

पाहा — यात एकही शब्द खोटा नाही. असं खोटं फार टिकतं.

कुंती मोरीच्या दारात बादली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आत गेली आणि माझी सलवार धुवायला बसली.

संध्याकाळी प्रशांत आला, त्याला आईनं सांगितलं. "तुले कोन बोलाले सांगतलं होतं?" एवढंच तो तिला म्हणाला. तिनं तेव्हाही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मी पुष्कळदा विचार केला. ती सांगती तर मी नाकारलं असतं, आणि घरानं माझ्यावर विश्वास ठेवला असता. तिला हे कळलं असेल. माझ्याहून आधी कळलं असेल.

पेन्शन नाही, म्हणून बाई नाही. बाई नाही, म्हणून तेलीबांध्याची नोकरी नाही. शाळेनं महिनाभर वाट पाहिली. नंतर प्रशांतनं पुन्हा तपासणी मागायचा अर्ज आणला. त्यावर फक्त माझी सही हवी होती. मी तो शिकवणीच्या वहीत ठेवला आणि मुदत जाऊ दिली. दुसऱ्या बोर्डासमोर कुंतीला पुन्हा विचारलं असतं ना? प्रशांत सोबत आला असता ना? "त्या ओळीत मी पुन्हा बसणार नाही," असं मी रडून सांगितलं, आणि सगळ्यांना माझी कीव आली. कुंतीनंच मला पाणी आणून दिलं.

त्यानंतर तिनं मराठी सोडली. भांडण नाही, अबोला नाही. फक्त हिंदीत बोलायला लागली. तिची मुलंही मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात. आई कुरकुरायची — हिनं पोरांना आपली भाषा शिकवली नाही. मी ऐकायचे.

पुढे सात वर्षं, दर महिन्याला, माझी हनुवटी तिच्या खांद्यावर. दोन वर्षांपूर्वी शेवटी ऑपरेशन झालं, पिशवी काढली, रक्त थांबलं. दवाखान्यात रात्रंदिवस तीच होती. घरी आल्यावर तिनं त्या शाळेत पुन्हा जाऊन विचारलं. आता तिथे कोवळ्या पोरी ठेवतात. ती परत आली, साडी बदलली, कुकर लावला.

कधी कधी मी शिकवणीच्या मोठ्या मुलींना सांगते की ही व्यवस्थाच नालायक आहे. बाईनं आपला डाग दाखवल्याशिवाय तिला गरज आहे हे कोणाला पटत नाही. मुली माना डोलावतात. मला ते मनापासून वाटतं, आणि ते खरं आहे. पण कुंतीला खोटारडी व्यवस्थेनं म्हटलं नाही. डॉक्टर तर तिचं ऐकून पेन हातात धरून बसले होते.

आई मागच्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या आजारात तिला कुशीवर वळवायला कुंतीच होती, आणि आई तिला म्हणायची, "माह्या पोरीचं नुकसान केलं तू." मी पलंगाशेजारच्या खुर्चीत असायचे. हातभर अंतर. आई शुद्धीवर होती, ऐकू येत होतं तिला. मी रोज ठरवायचे, आज सांगू. काय अडलं होतं? पाय गेलेत माझे. जीभ गेलेली नाही. एका सकाळी आई उठलीच नाही.

तेराव्याला नागपूरहून मावशी आली होती. जेवणं झाल्यावर बायका बसल्या असताना ती म्हणाली, बिचारीची पेन्शन सुनेनं घालवली, बहीण हेच दुःख घेऊन गेली. कुंती तेव्हा पानं उचलत होती. हातातली पानं घेऊन ती आत गेली. चार बायकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं, आणि मी ती दया घेतली.

कुंती खरं बोलली होती. खोटं मी बोलले — आधी बोर्डासमोर, मग आईसमोर, मग तो अर्ज वहीत दाबून. तिची नोकरी माझ्यामुळे गेली.

आज सकाळी मावशीचा फोन होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, सून नीट पाहते का तुला, की अजून तशीच आहे? कुंती समोरच बसून गहू निवडत होती. फोनचा आवाज मोठा होता, तिला सगळं ऐकू येत होतं.

मी म्हणाले, "चाललंय."