उंच गाडी आणि मामाचा पाट

सेकंडहँड गाडी घ्यायला गेलं की ती नेहमी कुठल्यातरी डॉक्टरची असते, आणि डॉक्टर ती फक्त रविवारी काढत असतो. मीही तीन यार्ड फिरलो. तिन्ही ठिकाणी डॉक्टरच निघाला. शेवटी घोडबंदर रोडला, चेणे गावाच्या अलीकडच्या एका यार्डात, पांढरी सात सीटची उंच गाडी पसंत पडली. विकणारा म्हणाला, "साब, फॅमिली गाडी है. माँजी को रानी जैसा बिठाओ."

त्या 'माँजी'वर मी विकला गेलो. कारण गाडी घ्यायची होती ती आईसाठीच.

आई भाईंदरजवळच्या मुर्धा गावची. लग्न होऊन शहरात गेली, तिथून वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांत पेणकरपाड्याच्या मागच्या बाजूला फ्लॅट घेऊन आम्ही इकडे आलो, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला. माहेर पुन्हा हाताशी आलं. भाईंदरचा पूल ओलांडला की तिची भाषाच बदलायची. आमच्याशी बऱ्यापैकी पुस्तकी बोलणारी बाई मुर्ध्याचं वळण आलं की 'गाडी'ची 'गारी' करायची. तिथे तिचा एकुलता एक धाकटा भाऊ होता. तिने कडेवर खेळवलेला.

दर भाऊबिजेला मामा आमच्याकडे यायचा. मग पलंगाखालून पाट निघायचा. हा पाट आजोबांनी होडीच्या उरलेल्या लाकडातून केलेला, नेहमीच्या पाटापेक्षा चांगला वीतभर उंच, जड, आणि आईच्या लग्नात तिच्याबरोबर आलेला. वर्षातून एकदाच निघायचा आणि त्यावर फक्त मामा बसायचा. मला एकदा लहानपणी त्यावर चढून फळीवरचा डबा काढल्याबद्दल पाठीत धपाटा मिळाला होता. "भावाचा पाट हाय तो. पाय लावतंस?"

मग मामाला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. मामाचं येणं थांबलं म्हणून आई जायला लागली. रिक्षाने जायची, रिक्षा थेट मामाच्या दारात जायची. पण रस्ते आमचे हे असे. एकदा खड्ड्यात रिक्षा आदळली आणि आई आठवडाभर अंथरुणाला खिळली. डॉक्टर म्हणाले, कमरेला धक्के नकोत. झालं, सोसायटीतले सगळे तज्ज्ञ जागे झाले. मोठी गाडी घे. उंच घे. पाणी साचलं तरी जाते, खड्डे कळत नाहीत, आईला आराम. मी ऐकलं. बायको एकटीच म्हणत होती, "अरे, पण आई चढतील का त्यात?" मी तिला म्हणालो, "चढतील की. सगळे चढतात."

गाडी घरी आली तेव्हा आई लिफ्टने खाली आली. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, बॉनेटवरून हात फिरवला. मी दार उघडून म्हणालो, "बस." आईने आत पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक पाय थोडा उचलला आणि परत ठेवला.

"नंतर बसते," म्हणाली.

तिथून आमच्या धडपडीला सुरुवात झाली. आधी गाडीला बाजूने पायरी बसवली. पायरी इतकी अरुंद की आईची टाच बाहेरच राहायची, आणि एकदाच्या ऐवजी दोनदा गुडघा वाकवायची शिक्षा झाली. पायरी काढून टाकली. मग बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल आणलं. ते पार्किंगच्या गुळगुळीत लाद्यांवरून सरकलं आणि आई माझ्या अंगावर आली. पडली नाही, पण घाबरली. मी म्हणालो, मी उचलून ठेवतो. त्यावर ती असली भडकली! "मी काय म्हावऱ्याची टोपली हाय का उचलाला?" जिने तरुणपणी मासळीच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या, तिला टोपली व्हायचं नव्हतं.

उपाय डोळ्यांसमोर होता. तो पलंगाखालचा पाट. बरोब्बर हव्या त्या उंचीचा, जड, न हलणारा. बायकोने एकदा हळूच सुचवलं. आई तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही.

तरी एकदा आम्ही गेलोच. स्टूल मी पायाने दाबून धरलं, बायकोने पुढून हात दिला, मी मागून रेटा दिला, आणि आई एकदाची गाडीत बसली. पदर नीट केला. पूल ओलांडताना म्हणाली, "किती उंच हाय रे, सगला दिसतो." मला धन्य वाटलं. डॉक्टरच्या गाडीचे सगळे पैसे त्या एका वाक्यात वसूल झाले.

ते समाधान मुर्ध्यापर्यंत टिकलं. मामाच्या गल्लीत रिक्षा जाते, टेम्पोही जातो, म्हणून मी बिनधास्त घातली. अर्ध्यात गेल्यावर डावीकडे कुणाच्या नव्या बांधकामाची भिंत आली, उजवीकडे जुन्या घराचा ओटा. गाडी दोघांच्या मध्ये बुचासारखी बसली. पुढे जाता येईना. मामाच्या घराचं निळं दार समोर दिसत होतं. मामेभाऊ धावत आला, शेजारी आले, प्रत्येक जण एकेक दिशा दाखवायला लागला. एक म्हणे काट मार, दुसरा म्हणे सीधा ले, तिसरा म्हणे इथं आणलीस कशाला.

मी म्हणालो, आईला इथेच उतरवू. दार उघडलं तर ते चार बोटं उघडून भिंतीला टेकलं. दुसऱ्या बाजूचं ओट्याला टेकलं. मामाच्या दारासमोर आई गाडीत बंद होती. काच खाली करून तिने हाक मारली. आतून मामाने काहीतरी उत्तर दिलं. त्या जड जिभेचं आम्हाला काही कळलं नाही, तिला कळलं असावं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बाबा. ऱ्हाऊ दे. येईन परत."

मग गाडी मागे घेत घेत मी गल्लीबाहेर काढली. आरसा ओट्याला घासला. रिव्हर्स टाकला की वाजणारी, आधीच्या मालकाने बसवलेली आरतीची धून सगळ्या गल्लीने ऐकली. आई वळून त्या निळ्या दाराकडे बघत होती. बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, इथून हळूहळू चालत जाऊ. तिने मान हलवली. तेवढं चालणं तिच्याच्याने होणार नव्हतं, हे मलाही ठाऊक होतं. "चल घरी," म्हणाली.

यानंतर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, रिक्षाने जा ना. हळू चालव म्हणून सांग रिक्षावाल्याला, मागे उशी घे. मीही तेच म्हणालो. आणि तिथेच खरी गोम होती. आई म्हणाली, "लेकाच्या गारीत बसून गेले ती सगल्यांनी बगितली. आता रिक्षानं गेले तर आख्खा मुर्धा इचारंल, लेकानं गारी इकली का?"

"इचारू दे," मी म्हणालो.

"तुला काय जातंय," आई म्हणाली. "माहेर माझं आहे."

म्हणजे गाडीत तिला चढता येत नव्हतं, आणि गाडी आहे म्हणून रिक्षात बसता येत नव्हतं. गाडी येण्याआधी ती पंधरवड्याला जायची. गाडी आली आणि हाताशी आलेलं माहेर पुन्हा लांब गेलं. आणि मी रोज सकाळी ती गाडी पुसत होतो. ऑफिसला ती नेत नव्हतो, कारण काढली तर संध्याकाळी इमारतीखालची जागा मिळेलच याची खात्री नव्हती. वरून कबुतरं, खालून मांजरं, आणि मध्ये माझी गाडी. बायकोच्या माहेरची माणसं त्यात बसून लग्नाला गेली, मुलीच्या मैत्रिणी बसल्या, एकदा सोसायटीचा गणपतीसुद्धा बसला. सगळे म्हणाले, काय ऐसपैस गाडी आहे! आई गॅलरीतून हात करायची.

भाऊबहीण व्हिडिओ कॉल करायचे. दोघांनाही फोन धरता यायचा नाही. मामाच्या बाजूने बहुतेक वेळा पंखा दिसायचा, आमच्या बाजूने आईचं अर्धं कपाळ. बोलणं फार व्हायचं नाही. "हायस ना?" "हाय." एवढ्यावर ती दिवसभर खूश असायची. मला ते ऐकवत नसे, म्हणून मी आतल्या खोलीत जायचो. तिथे जाऊनही करायचं काय, हा प्रश्न होताच.

त्या वर्षीच्या भाऊबिजेला मामेभावाचा फोन आला. "बाबा ऐकत न्हाय. बोलतान, ताय गल्लीत येत न्हाय तर मीच रस्त्याला येतंव. मना खुर्चीत बसवून न्या."

आईने दिवाळीतली नवी साडी नेसली. ताट तयार केलं, आणि पाट काढून घेतला. पाट मागच्या सीटवर, मामासाठी. त्या दिवशी तिने कसलीही कुरकुर न करता मला आणि वॉचमनला उचलू दिलं. वर बसल्यावर एवढंच म्हणाली, "झाली टोपली." या सगळ्या गडबडीत स्टूल पार्किंगमध्येच राहिलं. मला ते मुर्ध्याला पोचल्यावर कळलं.

गल्लीच्या तोंडाशी मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. डोक्यावर टोपी, अंगात इस्त्रीचा शर्ट, एक हात मांडीवर निर्जीव. मी गाडी त्याच्या अगदी जवळ लावली आणि दार उघडलं. आई वर, मामा खाली. उतरायला काही नाही. माहेरच्या माणसांसमोर मी तिला उचलणं तिने साफ नाकारलं. बसल्या जागेवरून तिने कुंकवाचं बोट पुढे केलं, ते मामाच्या कपाळापर्यंत पोचेना. मामाने मान वर केली, तरी पोचेना. निरांजन ओवाळायला घेतलं तर वाऱ्याने विझलं. मी काडी ओढली, पुन्हा विझलं. मागून टेम्पोवाला हॉर्न देत होता. मला रडूच यायला लागलं. इतकी मोठी गाडी, आणि मी एका बाईला तिच्या भावाच्या कपाळापर्यंत नेऊ शकत नव्हतो.

मामा काहीतरी म्हणाला. मामेभावाने समजून सांगितलं, "पाट मागतान."

मी पाट काढून खुर्चीपुढे ठेवला. मला वाटलं, त्याला पाय ठेवायचे असतील. त्याने मान हलवली. चांगला हात उचलून गाडीच्या दाराखालची जमीन दाखवली. तिथे.

आईला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं. "न्हाय," ती म्हणाली. "तुज्या पाटावर पाय? न्हाय."

मामाने मोठ्या कष्टाने, एकेक शब्द जुळवत म्हटलं, "माजा... हाय ना? मी... सांगतंय. उतर."

मी पाट दाराखाली ठेवला. आईने वाकून हात पुरेल तेवढा खाली नेला, पाटाच्या दिशेने नमस्कार केला आणि पाय टेकवला. आजोबांचं लाकूड तसूभर हललं नाही. दुसरा पाय जमिनीवर. बस्स. वर्षभर ज्यासाठी आम्ही डोकं फोडलं ते एवढंसं होतं. तिने मामाला ओवाळलं, करंजीचा तुकडा भरवला, आणि त्याच्या गालावरून हात फिरवत उभी राहिली. टेम्पोवाल्याने हॉर्न थांबवला होता. परत चढतानाही तिने आधी नमस्कार केला.

घरी आल्यावर तिने पाट धुतला, पुसला, पलंगाखाली ठेवला. मी म्हणालो, "आता गाडीतच ठेवू या का? पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊ."

"आजच्यापुरतं त्याने सांगितलं होतं," आई म्हणाली. "पुन्हा नाही. पुढच्या भाऊबिजेला बसायचंय त्याला त्यावर. बरा होईल तो."

बरा होईल म्हणणाऱ्या बहिणीशी काय वाद घालणार?

थंडी संपता संपता मामा गेला. फोन आला तेव्हा मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. किल्ली हातात येईपर्यंत आई लिफ्टपाशी पोचली होती. खाली जाऊन तिने स्वतःच रिक्षा थांबवली, मी मागोमाग शिरलो. रस्ताभर धक्के बसत होते, तिने एकदाही कमरेला हात लावला नाही. रिक्षा थेट निळ्या दारात गेली. लेकानं गाडी विकली का, असं मुर्ध्यात कुणीही विचारलं नाही.

तेराव्यानंतरच्या एका सकाळी मी गाडी पुसत होतो. आई लिफ्टमधून पाट घेऊन बाहेर आली. तिला तो पेलत नव्हता, म्हणून मी धावलो. तिने तो गाडीच्या दाराखाली ठेवायला लावला. नमस्कार केला, पाय दिला आणि एकटीच चढून बसली. कुणाचा हात लागला नाही.

"ऱ्हाऊ दे आता गारीतच," ती म्हणाली. "कोन बसनार हाय त्याच्यावर?"

मी पाट उचलून मागे ठेवला, पुढे येऊन बसलो, गाडी सुरू केली आणि विचारलं, "कुठे नेऊ, आई?"

इंजिन चालू होतं. बराच वेळ आम्ही तिथेच, आमच्याच इमारतीखाली बसून होतो.